यंत्र आपले, दुभाष्या कोणाचा?

श्रोतेहो, इतिहास म्हटला की लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. मी आज प्रारंभ करणार आहे तो एका अडकलेल्या कागदापासून.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेसर प्रिंटर दिला. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या प्रिंटरसाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती की, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप मिळे. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र प्रयोगशाळेस मिळालीच नव्हती. ज्या संशोधकापाशी ती होती, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' ही मुक्त कार्यप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, त्यामागे या नकाराची बोच होती.

कार्यप्रणाली आणि यंत्र यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. यंत्राच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा ठेवला असता ते काय करते, हे त्याला ठाऊक असावे लागते. हे ज्ञान असते यंत्र घडविणाऱ्या कंपनीपाशी.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता दिली. तीच पुढे 'लिनक्स' झाली. एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कोणत्या ती बहुधा कधीच चालविणार नाही, असे त्यांनीच लिहिले होते. कारण त्यांच्यापाशी तेवढीच होती! पुढे ज्याच्या घरी जे यंत्र, त्याचा दुभाष्या त्याने लिहावा, अशा रीतीने हा संसार वाढला.

परंतु कंपनीच मौन धरून बसली तर? ब्रॉडकॉम कंपनीच्या बिनतारी जोडणीच्या चिपांबाबत असेच झाले. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एकाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्तन टिपून ठेवले. दुसऱ्याने केवळ ती टिपणे वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून ही सोवळी व्यवस्था! जून २००६ मध्ये तो लिनक्समध्ये दाखल झाला. तरीही चिपच्या आत चालणारी आज्ञावली कंपनीचीच घ्यावी लागे. २०१० मध्ये मात्र कंपनीने आपल्या काही नव्या चिपांचा ड्रायव्हर स्वतःच खुला केला.

या कथेचा मथितार्थ प्रोग्रॅमरांपुरता नाही. दुभाष्या एकट्या कंपनीच्या पदरी असला, की तिचे लक्ष उडताच नवी कार्यप्रणाली आणि जुने यंत्र यांचा संवाद तुटतो, आणि एकही भाग न झिजलेले यंत्र अडगळीत जाते. दाम मोजून यंत्र घरी आणताना त्याची भाषाही आपल्या हाती येते काय, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा आहे. आणि तो आपण बजावला पाहिजे.