तळटीप १७ : पानचिंचोलीची चिंच

१७. पानचिंचोली : लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील गाव. येथील चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मूळ मजकुरातील फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या, डोंगरउतारावरच्या वाइनच्या गावांशी केलेली तुलना एका मर्यादेपर्यंतच टिकते. मालावरचे गावाचे नाव दोन्हीकडे कायद्याने राखलेले आहे. फ्रान्समध्ये १९३५ पासून, भारतात १९९९च्या कायद्याने, जो २००३ मध्ये अमलात आला. मात्र द्राक्षवेल दरवर्षी छाटावी लागते, चिंच बांधावर कोरडवाहूच वाढते. मग अशा झाडावर गावाचे अर्थकारण ते काय उभे राहणार, अशी शंका येईल. उत्तर झाडाखालच्या कामात आहे. चिंच झोडपणे, वाळवणे, फोडणे, चिंचोके काढणे ही मजुरी उन्हाळ्यात, शेतातले काम सरल्यावर मिळते आणि फोडणीचे काम मुख्यतः बायकांचे असते. चिंचोकेही वाया जात नाहीत. त्यांच्या पिठाची खळ सुताला लागते. म्हणून उभे झाडच गुत्त्याने दिले, तर नाव गावाचे राहते आणि फोडणीची कमाई बाहेर जाते. बरगंडीत अनेक द्राक्षबागाईतदार वाइन स्वतःच तयार करून बाटलीबंद करतात. तुलनेतला खरा फरक तिथे आहे.