बतुकम्माच्या ताटातली फुले

सर्वपित्री अमावस्येपासून सोलापूरच्या पूर्व भागात बतुकम्माची धांदल सुरू होते. तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेल्या विणकरांच्या घरातल्या बायकांनी हा सण इथे आणला. आपण मराठी बायका भोंडल्याचे फेर धरतो, त्या बतुकम्माभोवती धरतात. फरक एवढाच की त्यांची देवीच फुलांची असते. पितळी ताटात थरावर थर रचून शिखर करायचे, वर हळदीची गौरम्मा ठेवायची, आणि शेवटी ते सारे पाण्यात सोडायचे.

गेल्या वर्षी आम्ही एका ताटाशी बसलो होतो. सहज विषय निघाला, यातली आपली फुले किती?

झेंडू तर आपलाच, असे सगळ्या एका सुरात म्हणाल्या. पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे आजही पितरांच्या सणाला याच फुलांच्या वाटा घालतात. युरोपीय गलबते तिकडे गेल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकानंतर, तो आपल्याकडे आला. त्याआधी दसऱ्याच्या तोरणात झेंडू नव्हता, हे ऐकून आमच्यातल्या एक आजी रागावल्याच! मग तेलुगू मैत्रीण म्हणाली, आमच्यात त्याला बंती म्हणतात, म्हणजे चेंडू. कानडी शेजारीण म्हणाली, आमच्यात चेंडू हूवु. परक्या पाहुण्याला दोन्ही घरांनी त्याच्या गोल रूपावरूनच नाव दिले.

निशिगंधही त्याच मेक्सिकोचा. तिथल्या जुन्या अॅझ्टेक लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ हाडाचे फूल, इतका तो पांढरा. आपल्याकडे बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने त्याच्या नव्या जाती काढल्या. एकेरी पाकळीची ‘शृंगार’ हाराला, दुहेरी ‘सुवासिनी’ फुलदाणीला. नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते.

शेवंती चीनची. ती रात्रीची लांबी ओळखते. रात्र मोठी होऊ लागली की कळी धरते, म्हणून दिवाळीपुढे बाजार तिने भरतो. अॅस्टरही चीनचा. ग्लॅडिओलसच्या बऱ्याच मूळ जाती आणि जरबेरा दक्षिण आफ्रिकेतले.

आता ही फुले टिकवायची कशी? सोलापूरच्या उन्हात हा प्रश्न हार करणाऱ्या बाईच्या पोटाचा असतो. सकाळी घेतलेला माल दुपारी मान टाकतो. फुले पहाटे किंवा ऊन उतरल्यावर काढावीत. निशिगंधाची खालची एकदोन फुले उमलली की दांडा कापावा, वरच्या कळ्या घरी उमलतात. झेंडूचे तसे नाही, तो पुरता उमललेलाच तोडावा. दांड्याचे टोक पाण्यात धरून तिरके कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे. जरबेऱ्याला पाणी थोडेच ठेवावे, त्याचा लवदार दांडा कुजतो. गजरे ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळावेत. आणि पिकल्या फळांपासून फुले लांब! आमच्या एकीने साखरपुड्याचा कार्नेशनचा गुच्छ आंब्याच्या पेटीशेजारी ठेवला आणि सकाळी पाकळ्या मिटलेल्या. पिकत्या फळांतून निघणारा वायू फुलांना लवकर म्हातारे करतो.

ताटातली खरी इथली फुले दोनच निघाली: पिवळा तरवड आणि कुरडू. तेलुगूत तंगेडू आणि गुनुगू. बतुकम्माचे खालचे थर यांचेच. तरवडाची साल पूर्वी चामडे कमावायला जायची, पाने-फुले केसांना लावायचो. कोरड्या माळावर, बिनपाण्याची वाढणारी ही झाडे. पण बांध कोरले गेले, तणनाशक आले, आणि ती दिसेनाशी होऊ लागली. परदेशाहून आलेली फुले आपण खत-पाणी घालून जपतो आणि ही, जी काहीच मागत नाहीत, तीच हरवतात, याचे वाईट वाटते. त्यांच्या जागी बाजारातून कागदाची, प्लास्टिकची पिवळी फुले येतात. ती कोमेजत नाहीत खरी, पण ताट पाण्यात सोडल्यावर विरघळतही नाहीत. शिवाय पहाटे उठून फुले विकायला येणाऱ्या बाईची तेवढी विक्री जाते.

यंदा शेंगा वाळल्या की आम्ही तरवडाचे बी गोळा करणार आहोत. ते फार टणक असते. पेरण्याआधी गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावे आणि पहिल्या पावसाच्या तोंडाशी बांधावर टोकावे.