जंगल परतवणारा हंगामी रोजगार

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीपासून पडघ्याकडे जाताना गोदामांच्या रांगांमागे साग, ऐन, खैर, पळस आणि मोहाच्या पानझडी जंगलाच्या टेकड्या दिसतात. पडघा हे वन विभागाचे परिक्षेत्र आहे. याच तालुक्यातील आमणे येथे समृद्धी महामार्ग संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. वनजमीन अशा कामांसाठी वळविताना १९८० च्या कायद्याखाली पर्यायी वनीकरणाची अट घातली जाते, तर त्या निधीच्या विनियोगासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे जंगल पुन्हा उभे करणे हे आता हंगामी रोजगाराचेही क्षेत्र झाले आहे.

या कामाचे वेळापत्रक निसर्गच ठरवतो. सागाची फळे हिवाळ्यात गोळा होतात, पळसाच्या शेंगा उन्हाळ्यात. मोहाच्या बिया पावसाच्या तोंडावर पिकतात आणि त्यांची उगवणशक्ती लवकर नष्ट होत असल्याने त्या विलंब न करता पेराव्या लागतात. फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढणे, एप्रिल-मेमध्ये खड्डे खणणे, मृगाच्या पावसाने जमीन भिजल्यावर रोपे लावणे आणि त्यानंतर निंदणी, असा क्रम असतो. रोपवाटिकेतील पिशव्या भरणे व पाणी घालणे ही कामे मात्र बराच काळ चालतात.

संशोधनाचे काम याहून वेगळे आहे. जंगलात ठरावीक मापाच्या चौकटी आखून त्यातील प्रत्येक झाडाची जात, उंची आणि घेर नोंदवला जातो. मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. झाडाला क्रमांकाची पट्टी लावून त्याच चौकटीत पुढील वर्षी पुन्हा मोजणी होते. पहिली मोजणी पावसाळा संपल्यावर आणि दुसरी उन्हाळ्याच्या अखेरीस घेतली, तर कोणती जात तगली व कोणती वाळली हे कळते. लागवडीऐवजी केवळ चराई आणि वणवा रोखल्यास जुन्या खुंटांना किती फुटवे येतात, हेही याच पद्धतीने तपासता येते.

या मोजणीचे महत्त्व राज्याने अनुभवले आहे. जुलै २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट जाहीर झाले. पुढे यातील किती रोपे जगली, हा विधिमंडळात वादाचा विषय ठरला आणि २०२१ मध्ये चौकशी समिती नेमण्याची घोषणा झाली. लावलेल्या रोपांचा आकडा तत्काळ मिळतो. जगलेल्यांचा आकडा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे त्याच जागी परतणारी माणसे लागतात.

अशी माणसे दोन मार्गांनी येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील वनशास्त्राचे किंवा वनस्पतिशास्त्राचे पदवीधर संशोधन प्रकल्पांत ठरावीक मुदतीच्या करारावर सहायक म्हणून काम करतात. महाराष्ट्र ज्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेतही अशा पदांसाठी जाहिराती निघतात. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या १७२.३९ कोटी रुपयांच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाच्या सात विषयांमध्ये वनक्षेत्रांचे पुनरुज्जीवन हा एक विषय आहे.

दुसरा मार्ग स्थानिकांचा. पानावरून, सालीवरून आणि खुंटाच्या फुटव्यावरून झाड ओळखणारे कातकरी, वारली व ठाकूर या भागात पिढ्यान् पिढ्या राहतात. खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरूनच कातकरी हे नाव पडले. परंतु प्रकल्पाच्या कागदावर त्यांची नोंद बहुधा अकुशल मजूर अशीच होते.

अडचण इथेच आहे. पावसाळ्यातील लागवड आटोपते आणि दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. ती परततात पुढच्या पावसाच्या सुमारास. म्हणजे बी गोळा करणे, वणव्यापासून रोपे राखणे आणि उन्हाळी मोजणी करणे या नेमक्या महिन्यांत जाणकार हात जंगलापासून दूर असतात. मुलांची शाळाही त्याच काळात सुटते.

वन हक्क कायदा, २००६ ने सामूहिक वनाचे संरक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क ग्रामसमूहांना दिला आहे. त्या हक्काला नोव्हेंबर ते मे या काळातील खात्रीच्या, वेळेवर मिळणाऱ्या मजुरीची आणि झाड ओळखण्याच्या कौशल्याला साजेशा दराची जोड मिळाली, तर उचल घेण्याची गरज कमी होईल. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्था पुनरुज्जीवनाचे म्हणून जाहीर केले आहे. पडघ्यासारख्या ठिकाणी त्याचे यश जुलैच्या लागवडीपेक्षा मे महिन्यात रोपांपाशी कोण उभे आहे, यावरच अवलंबून राहील.