नाव गावाचे आणि नाव संस्थेचे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांचा शब्द नीट लिहिण्याविषयी फार कटाक्ष असे. म्हणून आज मी वरकरणी लहान वाटणारा विषय घेतला आहे : गावावरून पडलेली संस्थांची विशेषनामे इंग्रजीत लिहावीत कशी? हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाही, इतिहासाचाही आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपले बडोदेच आहे.

इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात 'वडपद्रक' नावाच्या गावाचा उल्लेख येतो. अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, याच्या शेजारचे हे गाव. त्याच्या नावात वडाचे झाड आहे. या नावाचे गुजरातीत 'वडोदरा' झाले, मराठीत 'बडोदे' झाले, जुन्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेखणीतून 'ब्रोडेरा' उतरले आणि पुढे इंग्रजीत 'बडोदा' स्थिरावले. ही एकाच नावाची निरनिराळ्या जिभांवर घडलेली रूपे आहेत. एक खरे आणि बाकीची भ्रष्ट, असे म्हणण्यात अर्थ नाही. १९७४ साली इंग्रजीतही 'वडोदरा' हे अधिकृत रूप झाले, आणि ते योग्यच झाले.

मात्र १९७४ पूर्वीच या शहरात मोठ्या संस्था उभ्या राहिल्या होत्या. बडोदा कॉलेज १८८१ चे, बँक ऑफ बडोदा १९०८ ची, ओरिएंटल इन्स्टिट्यूट १९२७ ची. सयाजीराव महाराजांच्या १८७५ ते १९३९ या कारकीर्दीतील ही कामे. विद्यापीठाची त्यांची इच्छा त्यांच्या पश्चात पुरी झाली. ३० एप्रिल १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, पण जाता जाता त्याने आपले नाव एका विद्यापीठाच्या हवाली केले. त्या विद्यापीठाचे इंग्रजी नाव 'द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बडोदा' असे आहे. त्यातील आरंभीचे 'द' आणि शेवटचे 'ऑफ बडोदा' हे दोन्ही नावाचेच भाग आहेत. २०२३ साली हे विद्यापीठ गुजरातच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली आले, तरीही नाव कायम राहिले.

येथेच माझ्या विवेचनाचे सूत्र आहे. गावाचे नाव शासन बदलते. संस्थेचे नाव मात्र तिचा कायदा, तिची सनद किंवा तिची नोंदणी बदलल्याखेरीज बदलत नाही. म्हणून पत्ता लिहिताना 'युनिव्हर्सिटी ऑफ बडोदा' यापुढे स्वल्पविराम देऊन 'वडोदरा' लिहिले, तर ती द्विरुक्ती नव्हे. स्वल्पविरामाच्या अलीकडे नाव आहे, पलीकडे ठिकाण आहे.

मुंबईकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. शहराचे इंग्रजी नाव १९९५ साली 'मुंबई' झाले. १८५७ च्या विद्यापीठाने १९९६ साली आपले नाव बदलून 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' केले. पण उच्च न्यायालय इंग्रजीत 'बॉम्बे हायकोर्ट'च राहिले. नाव बदलण्यासाठी २०१६ साली संसदेत विधेयक आले होते, त्याचा कायदा झाला नाही. पवईची तंत्रज्ञान संस्थाही 'आयआयटी बॉम्बे'च आहे. शहर एकच, पण प्रत्येक संस्थेचा कागद वेगळा.

विमानतळांच्या बाबतीत आणखी एक पदर येतो. आपल्या विमानतळाचे नाव 'वडोदरा एअरपोर्ट', पण तिकिटावरची अक्षरे बी-डी-क्यू. रेल्वे स्थानक 'वडोदरा जंक्शन', पण त्याची अक्षरे बी-आर-सी. नाव बदलले तरी जुनी सांकेतिक अक्षरे चालू राहतात, हे ठाऊक असलेला प्रवासी गोंधळत नाही. गोव्यात तर नावातील ढिलाई महागात पडेल. २०२३ च्या जानेवारीपासून तेथे दाबोळी आणि मोपा अशा दोन विमानतळांवरून विमाने सुटतात. मोपाच्या विमानतळाचे नाव 'मनोहर इंटरनॅशनल एअरपोर्ट' आहे. नुसते 'गोवा एअरपोर्ट' म्हणणाऱ्याला कोठे न्यावयाचे? ग्वाल्हेरच्या विमानतळाला राजमाता विजयाराजे यांचे नाव आहे. आपण मराठीत त्या घराण्याला शिंदे म्हणतो, पण इंग्रजी नाव लिहिताना 'सिंदिया' हेच रूप आणि त्याचे रूढ स्पेलिंग घ्यावे लागते. आपला शब्द तेथे घुसडता येत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीला परदेशी प्रवेशासाठी अर्ज करावयाचा होता. तिने समजूतदारपणे विद्यापीठाच्या नावातील 'बडोदा' काढून 'वडोदरा' घातले. गुणपत्रिकेवरचे नाव आणि अर्जातील नाव जुळेना, आणि खुलाशाच्या पत्रव्यवहारात तिचे कित्येक आठवडे गेले. तिचा हेतू निर्मळ होता, परंतु कागदाला हेतू कळत नाही.

संशोधकाचे नुकसान याहून खोल आहे. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. तिच्या मुखपृष्ठावर 'बडोदा' आहे. संस्थेच्या प्रसिद्ध ग्रंथमालेच्या इंग्रजी नावात 'गायकवाड' या शब्दाचे स्पेलिंग जी-ए-ई असे सुरू होते. ही रूपे आजच्या रुचीप्रमाणे सुधारून संदर्भसूचीत घातली, तर शोधणाऱ्याला ग्रंथ सापडणे कठीण. त्याचप्रमाणे १९४९ पूर्वीच्या राज्याला इंग्रजीत 'वडोदरा स्टेट' म्हणणे म्हणजे त्या नावाने कधीच नसलेले राज्य निर्माण करणे होय.

जुनी नावे ही पारतंत्र्याची खूण आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यामागील भावना मी समजू शकतो. संस्थेला नाव बदलावेसे वाटले तर तिला मार्ग मोकळा आहे, मुंबई विद्यापीठाने तो घेतला. पण तो अधिकार संस्थेचा व विधिमंडळाचा आहे, लिहिणाऱ्याचा नव्हे. शिवाय आपल्या बाबतीत 'बडोदा' हे नाव एका मराठी राजाने आपल्या संस्थांना दिलेले आहे. ते पुसताना आपण नेमके कोणाचे कर्तृत्व पुसतो, याचा विचार व्हावा. मराठीत बोलताना मी 'बडोदे'च म्हणेन, गुजराती शेजाऱ्याशी 'वडोदरा' म्हणेन, आणि विद्यापीठाचे इंग्रजी नाव लिहिताना 'बडोदा' लिहीन. यात मला कसलीही विसंगती दिसत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. घरी गेल्यावर आपली प्रमाणपत्रे काढा आणि त्यांवर संस्थेचे इंग्रजी नाव कसे छापले आहे ते 'द', 'ऑफ' आणि स्पेलिंगसह एका कागदावर उतरवून मुलांच्या हाती द्या. आपल्या शाळेचे नावही त्यात असू द्या.