उंबरठा नसलेल्यांची छायाचित्रे

घर असलेल्या माणसाला छायाचित्र नाकारायचे असेल तर तो दार लावून घेऊ शकतो. रस्त्यावर राहणाऱ्याला दारच नसते. त्याचे निजणे, जेवणे, आजारपण सारे उघड्यावर. आणि उघड्यावरचे टिपण्यास परवानगी कशाला, असे आपण धरून चालतो. हे गृहीतक आजचे नाही. त्याची मुळे दुष्काळांच्या इतिहासात आहेत.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरचे वैराग हे बाजाराचे गाव. १८७६-७८ च्या दुष्काळाची मोठी झळ बसलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होता. १८७२ ते १८८१ या काळात त्याची लोकसंख्या घटली. कालपर्यंत घरदार असलेली माणसे दुष्काळी कामांवर, परमुलखात, रस्त्यांवर आली. त्याच वेळी मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर हा लष्करी अधिकारी अस्थिपंजर झालेल्या माणसांना गटागटाने बसवून त्यांची छायाचित्रे घेत होता. पुढे १८८६ मध्ये मंडाले येथे मृत्युदंडाचा क्षण टिपण्याच्या हव्यासावरून याच हूपरची चौकशी झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळात राजा दीनदयाळ यांनी औरंगाबादेत घेतलेली चित्रे लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेली. त्यांतल्या एका चित्राचा मथळा माणसांची नावे सांगत नाही. तो कृशतेचे ‘प्रकार’ सांगतो.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. दुष्काळग्रस्त मुलांची चित्रे मिशनऱ्यांच्या पत्रिकांत छापली गेली, ती पाहून परदेशांतून मदत आली. चित्र नसते तर उपासमार नाकारणे राज्यकर्त्यांना सोपे गेले असते. म्हणून ‘टिपूच नये’ हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. परंतु पुरावा म्हणून जो चेहरा वापरला, त्याच्या मालकाला त्या व्यवहारात काय मिळाले? संग्रहात छायाचित्रकाराचे नाव राहिले, संग्राहकाचेही राहिले; चित्रातल्या माणसाचे मात्र नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी चित्राइतकाच त्याखालचा मथळाही वाचावा, तो यासाठी. तो कोणी लिहिला आणि कोणासाठी, यावरून चित्रातला माणूस ‘व्यक्ती’ ठरतो की ‘नमुना’.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. केवळ सार्वजनिक ठिकाणी असल्याने माणूस तो गमावत नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. याचा अर्थ आम्ही असा घेतो : उंबरठा घराला नसतो, माणसाला असतो. ज्याला तो भिंतींनी आखता येत नाही, त्याच्यासाठी तो कॅमेरा धरणाऱ्याने आखावा. आधी शेजारी बसावे, नाव विचारावे, चित्र कुठे जाणार ते सांगावे, आणि निजलेला माणूस नकार देऊ शकत नाही हे ध्यानात ठेवून कॅमेरा खाली ठेवावा. त्याने अनेक चांगली चित्रे हातची जातील. ती जाऊ द्यावीत.