मिक्सरमागची भोके आणि मोठ्या सरांची कॅसेट

शाळेच्या इमारतीचा, निकालांचा आणि सामन्यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. माझ्या वाट्याला आवाज आला.

आपल्या वेळी आवाजाची व्यवस्था म्हणजे एक आहुजाचा अॅम्प्लिफायर, एक माइक आणि कडुनिंबाला बांधलेला कर्णा. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची. पण आपल्याकडे 'आहुजा' हे कंपनीचे नाव न राहता वस्तूचेच नाव झाले होते. बोलणारा एका वेळी एकच, म्हणून माइकही एकच. बटणाला हात लावण्याचा अधिकार फक्त विज्ञानाच्या सरांना.

यंदाच्या मेळाव्याला मात्र दोन माइक, एक कीबोर्ड, एक लॅपटॉप आणि एक कॅसेट डेक होता. हे सगळे आवाज एकत्र करायला टेबलावर मावेल असा छोटा मिक्सर आणला होता. त्याच्या भोकांकडे नीट पाहिले तर दीडशे वर्षांचा इतिहास शेजारी शेजारी बसलेला दिसतो.

सर्वांत जुने भोक जाड पिनचे. बाजारात तिला पी-३८ म्हणतात. ही पिन टेलिफोन एक्स्चेंजमधली. १८७८ च्या सुमारास अमेरिकेत एक्स्चेंज सुरू झाली आणि ऑपरेटर दोरीच्या टोकाची पिन भोकात खुपसून गिऱ्हाईक जोडू लागले. मुंबईत एक्स्चेंज आले १८८२ साली. त्याच पिनचे वंशज आज गिटारला लागतात. बारकी आरसीए पिन अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची, रेडिओला ग्रामोफोन जोडण्याच्या काळातली. तीन काड्यांची एक्सएलआर लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीची, म्हणून जुने साउंडवाले तिला अजून 'कॅनन' म्हणतात. त्याच भोकातून माइकला ४८ व्होल्ट देण्याची पद्धत १९६६ मधली. नॉयमान कंपनीने ती नॉर्वेच्या नभोवाणीसाठी बसवली. तिथे आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, म्हणून तोच आकडा जगभर रूढ झाला!

आता कॅसेटकडे येतो. मोठ्या सरांचे निरोपाचे भाषण १९८७ साली आपल्यापैकी एकाने घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवले होते. सर आता नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसऱ्या कुठेही नाही. आदल्या संध्याकाळी ती कॅसेट लावली तर कर्ण्यातून फक्त खरखर आणि मधूनच शिट्टीसारखे 'स', 'श' येत होते. शब्द एकही नाही. साउंडवाल्या मुलाने निदान केले, "काका, टेप गेली." मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या बाईंचा चेहरा उतरला. पण डेकला हेडफोन लावला की सर स्वच्छ बोलत होते.

कोडे सोडवले ते दूरध्वनी खात्यात आयुष्य काढलेल्या आपल्या वर्गमैत्रिणीने. "अरे, हेडफोनच्या भोकातली पिन सरळ मिक्सरच्या मोनो भोकात घातली आहे ना? मग सर ऐकू येणारच नाहीत."

या पिनवर तीन भाग असतात: टोक, मधले कडे आणि दांडा. टेलिफोनमध्ये टोक आणि कडे म्हणजे एकाच संभाषणाच्या दोन तारा, एकमेकींच्या उलट चालणाऱ्या. पलीकडचे यंत्र त्या दोघींमधला फरक तेवढा घेते. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच पडलेला गोंगाट त्या वजाबाकीत नाहीसा होतो, आणि लांबवरचा आवाज शाबूत पोहोचतो. मिक्सरच्या मोनो भोकाने ही युक्ती जशीच्या तशी उचलली. पण १९५८ मध्ये कॉस कंपनीचे स्टिरिओ हेडफोन आले आणि तीच पिन डाव्या-उजव्या कानांसाठी वापरात आली. पिन एक, अर्थ दोन. आपली कॅसेट मोनो, म्हणजे दोन्ही कानांत तेच सर. दोन्हींकडे सारखे ते गोंगाट, एवढेच मिक्सरला कळते. त्याने सरांना वजा केले. डेकचे हेड किंचित तिरपे असल्याने दोन बाजूंच्या बारीक आवाजांत थोडा फरक राहिला होता, तेवढे 'स' आणि 'श' सुटले.

उपाय दोन मिनिटांचा. डेकच्या मागच्या आरसीए भोकांतून दोन वेगळ्या वायरी काढून दोन वेगळ्या चॅनेलना जोडल्या. सर बोलू लागले.

मागोमाग 'घूंऽऽ' सुरू झाली. डेकची वीज ऑफिसमधून आणि मिक्सरची मंचावरून येत होती. अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या की त्यांच्या फेऱ्यात ५० हर्ट्झची ही घरघर शिरते. अर्थची पिनच काढून टाकू, असे कुणीतरी सुचवले. आवाज थांबतो हे खरे, पण ओठांशी माइक धरणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर घेतली आणि घरघर गेली.

दुसऱ्या दिवशी भाषण अकरा मिनिटे चालले. मध्ये सर खोकतात, तिथे बाई हसल्या. "हे तपकिरीमुळे," त्या म्हणाल्या, आणि पुढे ऐकत राहिल्या.

कॅसेट आता संगणकात उतरवली आहे. ज्यांना हवी त्यांनी कळवावे. त्या दोन वायरी प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, 'डेकसाठी, दोन वेगळी भोके' अशी चिठ्ठी बांधून.