तळेरे येथील सार्वजनिक वाहतूक

तळेरे हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील मुंबई–गोवा महामार्गावरील गाव आहे. येथून वैभववाडी, करूळ घाट व गगनबावडामार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता फुटतो. पश्चिमेकडील रस्ता विजयदुर्गास जातो. गावात रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना वैभववाडी रोड किंवा नांदगाव रोड येथे उतरून पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो. त्यामुळे स्वतःचे वाहन नसलेल्या विद्यार्थ्यांना, रुग्णांना व वृद्धांना एस.टी.चा मोठा आधार आहे. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते.

कोल्हापूरकडील वाहतूक घाटाच्या स्थितीवर अवलंबून असते. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद ठेवल्यावर ती भुईबावडा व फोंडा घाटांतून वळवावी लागली.